चार कुत्री, चार तोंडं

वास नेमका कधीपासून यायला लागला ते मला सांगता येत नाही. घरात एकच कुत्रं असतं तर आलं असतं. चार असली की वास कुणा एकाचा राहत नाही, घराचा होतो. त्यात पावसाळा. साताऱ्यात एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, गोधड्या वाळत नाहीत, ठमीच्या केसांना कुबट वास येतो, गोटी कचऱ्यात तोंड घालून येते. मी फरशी दोनदा पुसायला लागले. सासूबाईंनी संध्याकाळचा धूप वाढवला. नवऱ्याने सोफ्याची कव्हरं धुवायला टाकली. आमच्यापैकी कुणीही कुणाचंही तोंड उघडून पाहिलं नाही.

आधी मंडळींची ओळख करून देते. पिंट्या डॅशहंड, तेव्हा ९ वर्षांचा, वजन ७ किलो. गोटी शिट्झू, ५ वर्षांची, खालचा जबडा पुढे आल्यामुळे कायम कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. ठमी पॉमेरेनियन, ३ वर्षांची. शेजारच्यांची बदली झाली तेव्हा "महिनाभर सांभाळा" म्हणून आली ती राहिलीच. आणि खारी. ती बसस्टँडच्या मागे सापडली. गावठीच, पण अंगापिंडाने लहान राहिली, साडेआठ किलोच्या वर गेली नाही.

जेवणाची आमची पद्धत अशी की चार ताटल्या एका रांगेत ठेवायच्या, आपण भाकरी थापायला वळायचं आणि दहा मिनिटांनी ताटल्या उचलायच्या. ताटल्या लख्ख असायच्या. मी ताटल्या मोजत होते, जेवणारे मोजत नव्हते. हे माझ्या लक्षात आणून दिलं शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या भाचीने. रविवारी ती घरी आली होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चहा पिता पिता म्हणाली, "मामी, पिंट्या खात नाहीये. दाणा तोंडात घेतो, खाली टाकतो, आणि खारी तो उचलते."

किती दिवस चाललं होतं कोण जाणे. खारी गेल्या दोन महिन्यांत गुबगुबीत झाली होती. मी त्याचं श्रेय नव्या जंताच्या औषधाला दिलं होतं.

मग तिने पिंट्याला मांडीत घेतलं, डावा हात नाकाडावरून घेऊन ओठ वर सरकवला. मी वाकून पाहिलं. पुढचे दात, सुळे पांढरेशुभ्र. मला तर हायसंच वाटलं. तिला वाटलं नाही. "दात नका बघू, हिरडी बघा," म्हणाली. दाताच्या कडेने लाल रेघ होती, कुंकवाची ओढावी तशी. आत दाढांपाशी ओठ नेला तेव्हा जो वास आला, तो आमच्या घराचाच वास होता.

दात पांढरे का होते त्याचीही गोष्ट आहे. आठ महिन्यांपूर्वी गावात कुत्र्यांची आंघोळ, केस, नखं करणारी एक गाडी आली होती. "भूल नाही, इंजेक्शन नाही, अर्ध्या तासात दात मोत्यासारखे", एका कुत्र्याचे ९०० रुपये. मी पिंट्या आणि गोटी, दोघांचेही करून घेतले. त्यांनी लोखंडी हत्याराने दिसणारं पिवळं खरवडून काढलं, आणि दिसत होतं तेवढं खरंच मोत्यासारखं झालं. पण दाताचा निम्म्याहून जास्त भाग हिरडीखाली असतो आणि दुखणं तिथे असतं. जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही, द्यायचं कशाला? म्हणजे मी १,८०० रुपये देऊन घराला रंग लावून घेतला होता, भिंतीत वाळवी तशीच. वाईट एवढंच झालं की त्या पांढऱ्या दातांनी पुढे सगळ्यांनाच फसवलं.

फसवलं म्हणजे असं, की पिंट्याला शिंका येत होत्या. वर्षभर तरी. उजव्या नाकपुडीतून मधूनच शेंबडासारखं, एकदा तर लालसर. त्यासाठी मी दोनदा दवाखान्यात गेले, दोन्ही वेळा ॲलर्जीच्या गोळ्या मिळाल्या, दोन्ही वेळा थोडं बरं वाटलं आणि परत सुरू. डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांच्या दारात म्हशीवाले रांग लावून उभे असतात, मी नाक दाखवलं, त्यांनी नाक पाहिलं. ओठ उचलला तर सुळा पांढरा. नाकाचं मूळ दातात असेल हे कुणाच्या मनात येणार?

भाचीच्या आलं. लांब तोंडाच्या कुत्र्यांत, त्यातही डॅशहंडमध्ये, हे होतं असं शिकवलंय म्हणाली. वरच्या सुळ्याचं मूळ दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं आणि त्याच्या आणि नाकाच्या पोकळीच्या मध्ये हाडाचा पातळसा पापुद्रा असतो. सुळ्याच्या आतल्या, टाळूकडच्या बाजूने हिरडी सडत गेली की तो पापुद्रा गळतो आणि तोंडातून नाकात भोक पडतं. बाहेरून दात ठणठणीत दिसू शकतो, हलतसुद्धा नाही. "पण मी शिकतेय अजून," ती म्हणाली, "भूल देऊन तपासल्याशिवाय नक्की कुणीच सांगणार नाही. दातांचा एक्स-रे आहे अशा ठिकाणी न्या."

त्यासाठी पुण्याला जावं लागणार होतं.

घरात भूल या शब्दावरून आठवडाभर वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, "नऊ वर्षांचा झालाय, आता कशाला त्याला बेशुद्ध करताय? आमच्या वेळी कुत्र्यांना कुणी दात घासले होते का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण खारीला ताटली पुरवण्याचं पापही माझ्याकडेच होतं. शेवटी पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सासूबाईंचा प्रश्न फोनवर नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, आधी रक्त तपासू, किडनी-लिव्हर बघू, हृदयात आवाज येतोय का ऐकू, मग ठरवू. आवाज आला. हलका होता. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळायला लागते म्हणे. त्यामुळे सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, ती बरी निघाली, मग तारीख मिळाली.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री दहानंतर पिंट्याला काही द्यायचं नव्हतं. चार कुत्र्यांच्या घरात हे एकट्या पिंट्याला कसं जमवणार? एखादा दाणा सोफ्याखाली असतोच. रात्रभर तो आमच्या खोलीत, बाकीच्या तिघी बाहेर दार खरडत. पहाटे साडेपाचला निघालो. आनेवाडीचा टोलनाका, मग खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड-शिवापूर. एरवी गाडीत बसलं की भुंकणारा पिंट्या जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर गप्प पडून होता. त्याच्या तोंडाच्या वासाने मला गाडीची काच खाली करावी लागली, आणि त्याची लाज वाटली. त्याची नव्हे, माझी.

डॉक्टरबाईंनी आत नेण्याआधी पाच मिनिटं समजावून सांगितलं. श्वासनलिकेत नळी घालणार, ती घट्ट बसवणार, कारण दात खरवडायच्या यंत्रातून पाणी उडतं आणि दातांवरची घाण त्या पाण्यात मिसळते. नळी नसेल तर ते सरळ फुप्फुसात जाईल. अंगाखाली गरम गादी, कारण सात किलोचं अंग टेबलावर पटकन थंड पडतं. आणि एक्स-रे काढल्याशिवाय एकाही दाढेला हात लावणार नाही. लहान कुत्र्यांच्या खालच्या जबड्याचं हाड इतकं बारीक असतं की दाढेची मुळं जवळजवळ त्याच्या काठापर्यंत गेलेली असतात. हिरडीच्या रोगाने ते हाड खाल्लं असेल तर दाढ उपटताना जबडा मोडू शकतो. कधीकधी नुसती सोफ्यावरून उडी मारतानासुद्धा मोडतो. आमचा पिंट्या दिवसातून वीस वेळा सोफ्यावरून उडी मारतो.

साडेतीन तास लागले. नवरा दोनदा चहा पिऊन आला. मी भिंतीवरचं कुत्र्यांच्या दातांचं चित्र पाठ केलं. मोठ्या कुत्र्यालाही ४२ दात आणि पिंट्यालाही ४२, दुधाचे दोघांनाही २८. म्हणजे वाड्यात राहणारी माणसं आणि चाळीच्या दोन खोल्यांत राहणारी माणसं, संख्या तीच. दोन दातांच्या फटीत अन्न अडकतं, एक दात आडवा, एक तिरका. शिवाय कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे त्यांचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, पण जेवणानंतर दातांवर बसणारा चिकट थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो. त्यालाच कीटण म्हणायचं. आपली दाढ किडते, त्यांची हिरडी सडते.

नंतर बाईंनी मला आत बोलावून मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. उजवा सुळा काढलेला, तिथे अंधारं भोक. त्यांनी सिरिंजने त्या भोकात सलाइनचं पाणी सोडलं आणि दोन सेकंदांत ते उजव्या नाकपुडीतून थेंब थेंब खाली ठिबकलं. वर्षभराच्या शिंकांचा एवढाच खुलासा. जेवलेलं नाकात जात होतं. गालाच्या आतलं कातडं सैल करून, ते भोकावर ओढून शिवलं होतं, टाके विरघळणारे. तक्त्यावर हिशेब लिहिला होता: ४ दात आधीच पडलेले (कधी? कुठे? खारीने गिळले असतील), ९ काढले, २९ उरले. बिल २३,६०० रुपये.

काढलेले दात डबीत घालून दिले. सुळ्याचं मूळ माझ्या करंगळीच्या एका पेराएवढं होतं. एवढं लांब मूळ त्या एवढ्याशा नाकाडात मावतं कसं, ते मला अजून कळत नाही.

परतताना बोगदा लागला नाही, घाट चढावा लागला. तिसऱ्या वळणावर पिंट्याला ओकारी आली आणि माझी ओढणी गेली.

खरी कसरत घरी आल्यावर सुरू झाली. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: दोन आठवडे मऊ खाणं, खेळणी नाहीत, ओढाओढी नाही, टाक्यांना काही लागू द्यायचं नाही. हा कागद एकट्या कुत्र्यासाठी लिहिलेला असतो. आमच्याकडे दारातच तिघी त्याचं तोंड हुंगायला धावल्या, रक्ताच्या वासाने खारी चाटायलाच लागली. त्याला आतल्या खोलीत ठेवला. गळ्यात प्लास्टिकचा कर्णा, त्यामुळे दाराच्या चौकटीला ठक ठक. घरातली सगळी दोऱ्यांची खेळणी माळ्यावर गेली, कारण जे ठमीचं ते पाच मिनिटांत पिंट्याचं होतं. त्याच्यासाठी कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला गुरगुट्या भात करायचे. त्याच्या वासाने बाहेर इतका आक्रोश व्हायचा की चौथ्या दिवसापासून चौघांनाही तोच भात. गोटीला तर वाटलं सणच आहे. दुखण्याचं औषध दवाखान्यातलंच, थेंब मोजून. माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला अजिबात द्यायची नाही हे बाईंनी दोनदा बजावलं होतं, कारण तसं करून आलेली कुत्री त्यांनी पाहिली होती.

नवव्या दिवशी सकाळी पिंट्याने नवऱ्याची चप्पल पळवली. कर्ण्यासकट. दोन वर्षांत त्याने चप्पल पळवली नव्हती आणि आम्ही ते वयावर टाकून मोकळे झालो होतो: शहाणा झाला, म्हातारा झाला. नवरा एका पायात चप्पल घालून दारात उभा राहिला आणि त्याला ओरडायचंही सुचलं नाही.

त्यानंतर बाकीच्या तिघींची तोंडं. पैशांची सोय बघत तीन महिन्यांत तीन फेऱ्या केल्या. गोटीचे खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले. दोन काढले, बाकी साफ केलं, वरून पॉलिश केलं. हे पॉलिश दिखाव्यासाठी नसतं. यंत्राने खरवडल्यावर दातावर बारीक चरे राहतात आणि त्यांत थर पटकन बसतो, म्हणून ते करायचं. ठमीच्या वरच्या बाजूला दोन-दोन सुळे होते, जाडशा सुळ्याला चिकटून एक सुईसारखा. मला वाटायचं पॉमेरेनियनला असतातच. ते दुधाचे सुळे होते, सहा-सात महिन्यांतच पडायला हवे होते. लहान जातींत ते बऱ्याचदा राहतात, आणि दोघांच्या फटीत केस आणि अन्न कुजत बसतं. तिचं नसबंदीचं ऑपरेशन आमच्याकडे येण्याआधीच झालं होतं. त्याच भुलेत कुणी ते काढले असते तर तिला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं नसतं. खारीचं तोंड बघून बाई हसल्या. दुधासारखे दात, हिरड्या गुलाबी. फक्त वरच्या मोठ्या दाढेचा एक टवका उडालेला, आतल्या नसेपर्यंत न पोचलेला. "मटणाच्या नळ्या देता का?"

देतो म्हणजे काय, रविवारच्या नळ्या हा सासूबाईंचा आणि खारीचा खासगी व्यवहार होता. शिजलेलं हाड तर फुटून आतडी फाडतं, आणि कुठलंही टणक हाड किंवा सुकं खूर याच दाढेवर फोडलं जातं. हिला तीन मुळं असतात आणि ती सडली की डोळ्याखाली गाल सुजतो. लोक डोळ्याचे थेंब घालत बसतात. नखाने दाबून खाच पडत नसेल ती वस्तू चघळायला द्यायची नाही, ही कसोटी मी सासूबाईंना सांगितली. त्यांनी नळीवर नख दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नळी स्वतःच्या ताटात घेतली.

आता रोजचं घासणं. यात मी सगळ्यात जास्त चुकले, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या उत्साहात चार ब्रश आणले आणि पहिल्याच रात्री चौघांचे दात घासायला बसले. पिंट्या चावला नाही एवढंच. गोटी कपाटाखाली, ठमी गॅलरीत. दुसऱ्या दिवशी पेस्टच्या ट्यूबचं टोपण उघडल्याचा आवाज आला की घर ओस. मग भाचीने फोनवरून मला झापलं आणि सगळं शून्यापासून सुरू केलं. पहिला आठवडा नुसतं बोट, त्यावर चिकनच्या चवीची पेस्ट, चाटू द्यायची, संपलं. दुसरा आठवडा बोटाला जुन्या मऊ धोतराचा तुकडा गुंडाळून फक्त पुढचे दात. तिसऱ्या आठवड्यात लहान बाळाचा मऊ ब्रश. दाताला आणि हिरडीला एकदम लागेल असा तिरका धरायचा आणि फक्त बाहेरची बाजू घासायची. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. वरच्या दाढांना जास्त वेळ, कारण लाळेच्या नळ्या तिथेच गालात उघडतात आणि कीटण तिथेच आधी चढतं.

आपली पेस्ट चालत नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, जे लावाल ते पोटात जाणार. फेस, फ्लोराइड, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्याला विषच. सासूबाईंनी मीठ-हळद, तुरटी, कडुलिंबाची काडी असे तीन प्रस्ताव मांडले, तिन्ही नामंजूर झाले. मिश्रीचा चौथा त्यांनी स्वतःच मागे घेतला.

चार कुत्री असण्याचा एकमेव फायदा इथे झाला. मी खारीपासून सुरुवात करायला लागले, कारण तिला कशाचंच काही वाटत नाही. ती पाटावर बसून पेस्ट चाटते, आणि बाकीच्यांना दिसतं की तिला काहीतरी मिळतंय जे आपल्याला मिळत नाहीये. पाचव्या दिवशी गोटी कपाटाखालून बाहेर आली आणि रांगेत खारीच्या मागे बसली. मत्सरासारखा गुरू नाही. ठमीला मात्र महिना लागला, आणि अजूनही ती उजवीकडे ब्रश नेला की मान काढून घेते.

चघळायच्या कांड्याही देतो, पण चौघांना चार दारांआड. एकत्र दिल्या तर चघळणं राहतं बाजूला. दुसऱ्याने हिसकावू नये म्हणून खारी अख्खी गिळते, आणि गिळलेल्या कांडीने कुणाचे दात साफ होणार? ब्रशना रंगीत दोरे बांधलेत: पिंट्याचा लाल, गोटीचा पिवळा, ठमीचा निळा, खारीचा हिरवा. ताटल्याही आता चार कोपऱ्यांत असतात आणि मी भाकरी थापायला वळत नाही, उभी राहते.

आणि एक वही केली आहे, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. प्रत्येकाचं एक पान. दर रविवारी ओठ उचलायचा, डावीकडे-उजवीकडे बघायचं, वास घ्यायचा, लिहायचं. नवरा हसायचा, पण आता माझ्या गैरहजेरीत तोही लिहितो. परवा चाळत होते. पिंट्याच्या पानावर त्याच्या अक्षरात: "हिरडी चांगली. शिंक एक, पण ती मिरचीच्या फोडणीची." ठमीच्या पानावर: "उजवी वरची दाढ पुन्हा पिवळट. गौरी-गणपतीत सहा दिवस घासलं नाही. वास थोडा. उद्यापासून आधी ठमी, मग खारी."